दिवाळी पहाटेला स्वतःची जॅझ-पॉप गाणी गायचीयेत? मग हे वाचा

दिवाळी पहाट म्हटलं की आपल्या इंदुरात क्रम ठरलेला असतो, गणेशस्तवन, भूपाळी, दोन-तीन नाट्यपदं, भावगीतं, मधे एखादी लावणी, शेवटी भैरवी आणि मग बाहेर पोहे-जिलबी नि फराळ. या सगळ्यात कुणी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी घेऊन उभं राहिलं, आणि तीही जॅझच्या अंगाची, तर लोक ऐकतात का असं बरीच मुलंमुली मला विचारतात. ऐकतात, अगदी मनापासून ऐकतात. फक्त रात्री कॅफेत गिटार घेऊन जे गातो तेच जसंच्या तसं सकाळी सहाला सुदामानगरच्या एखाद्या बगिच्यात गायलं की ते पडतं, कारण वेळ वेगळी, हवा वेगळी, समोरची माणसं वेगळी. मी मराठीत अशी गाणी लिहिते आणि पहाटेच्या कार्यक्रमांत गाते, तर जे जे कामाचं वाटतं ते एकदा नीट लिहून ठेवते.

आधी माझं ठाम मत. ओळखीच्या भावगीताला मेजर सेव्हन कॉर्ड लावायचे (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर), खाली ड्रम घालायचा आणि त्याला फ्यूजन म्हणायचं, हे करू नका. ऐकणाऱ्याला मूळ गाणं पाठ असतं, तो पूर्ण वेळ मनातल्या मनात मूळ गाणंच म्हणत बसतो आणि तुमचं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. स्वतःचं नवं गाणं गा, पण ते त्या वेळेचं आणि त्या कानांचं करून गा. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

समोर कोण बसलंय ते ओळखा

हे अमीर खाँसाहेबांचं गाव आहे, लताबाईंचा जन्म इथला, १९२९ चा, आणि कुमार गंधर्व इथून हाकेच्या अंतरावर देवासला राहिले. पहिल्या रांगेत शाल घेऊन बसलेल्या आजोबांना कॉर्डचं नाव माहीत नसेल, पण सूर जरा हलला की त्यांना लगेच कळतं आणि सम चुकली की मान वर होते. असा श्रोता मिळायला नशीब लागतं, त्याला घाबरायचं कशाला. आणि जॅझ म्हणजे काहीतरी परकं असं मंडळातलं कुणी म्हणालंच तर सी. रामचंद्रांचं नाव सांगा, आपलेच चितळकर, १९४०-५० च्या दशकांत चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या ट्रंपेटवाल्यांना घेऊन त्यांनी हिंदी सिनेमातून स्विंग घराघरात पोचवला. ती लय आपल्या मागच्या पिढीच्या पायात आधीपासून आहे, तुम्ही फक्त तिला मराठी शब्द देताय.

मंडळाशी बोलणी श्रावणातच सुरू करा, गणपती उठले की दिवाळीचा कार्यक्रम जवळपास पक्का झालेला असतो. अर्धा तास मागा, फार तर पस्तीस-चाळीस मिनिटं, त्यात पाच गाणी पुरेत. दोन गाणी फोनवर साधी रेकॉर्ड करून पाठवा, एकटा आवाज आणि गिटार किंवा पेटी, कारण समितीतले काका-काकू ते फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकणार आहेत आणि त्यांना शब्द कळले पाहिजेत. जागा कुठली मागायची तर भूपाळी आणि पहिलं नाट्यपद झाल्यानंतरची, मध्यंतराच्या आधीची. तेव्हा लोकांचे कान तापलेले असतात पण थकलेले नसतात. शेवटची जागा कुणी कौतुकाने देऊ केली तरी घेऊ नका, भैरवी झाली की मैफल संपली, तिच्यानंतर आपल्याकडे कुणी गात नाही आणि तुम्हीही गाऊ नका.

गाणी स्वतःची असली की हक्कांची कटकट उरत नाही, ती तुमचीच. पण एखादी जुनी कविता घ्यायची असेल तर नियम माहीत असू दे: आपल्या कायद्यात कवी गेल्यावर पुढची साठ वर्षं हक्क राहतो. भास्करराव तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, आपल्याच मातीतले, ते गेले १९४१ साली, म्हणजे त्यांच्या कविता कधीच मोकळ्या झाल्यात, तुम्ही त्यांना खुशाल नवी चाल लावा. त्यांच्या गाजलेल्या चाली मात्र नंतरच्या संगीतकारांच्या आहेत, त्यांचा हक्क वेगळा मोजला जातो, त्या उचलायच्या नाहीत. पाचात एक तांबे नवीन चालीत ठेवला तर ऐकणाऱ्याला हातात धरायला काहीतरी ओळखीचं मिळतं आणि तुमचं काम तुमचंच राहतं.

सहाच्या आधी भोंगा नाही

ही गोष्ट बऱ्याच जणांना शेवटच्या आठवड्यात कळते म्हणून आधी सांगते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहाला त्यातून सूट आहे, म्हणजे रवींद्र नाट्यगृहासारख्या ठिकाणी साडेपाचला सुरू केलं तर चालतं, पण कॉलनीच्या बगिच्यात किंवा मैदानात खरी सुरुवात सहालाच. आणि सहानंतरही मोकाट नाही, राहत्या भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि लाउडस्पीकरचा आवाज मैदानाच्या हद्दीवर त्यापेक्षा दहाने जास्त चालतो, म्हणजे ६५. परवानगीचे कागद मंडळ बघेल, पण तुम्हाला यातून दोन गोष्टी ठरवायच्यात. एक, पहाटे साडेचारला जाऊन साउंड चेक करणं जमणारच नाही, तो आदल्या संध्याकाळी करून घ्या, दहाच्या आत, आणि मिक्सरच्या खुणांचा फोटो काढून ठेवा, सकाळी फक्त हेडफोनवर सगळ्या वायरी जिवंत आहेत ना एवढं बघायचं. दोन, गाणं असं बांधा की हळू आवाजातच चांगलं वाटेल. जॅझ-पॉपला हे सोपं जातं, हा गाण्याचा प्रकारच मुळात माइकजवळ हलक्या आवाजात गाण्यातून वाढलाय, उलट नाट्यसंगीत जेव्हा घडलं तेव्हा माइक नव्हता आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत फेकावा लागायचा.

अजून एक, नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंदुरात सूर्य साधारण साडेसहाच्या पुढेमागे उगवतो. म्हणजे सहाला सुरू झालेला कार्यक्रम पहिला अर्धा तास अंधुक उजेडात असतो, आणि तुमची वेळ येईपर्यंत ऊन आलेलं असतं. स्टेजचं तोंड पूर्वेला असेल तर ते थेट डोळ्यांत येतं, तेव्हा कागदावर बघून गायचं असेल तर ते विसरा, शब्द पाठच हवेत.

पहाटेचा रंग कॉर्डमधे कसा आणायचा

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा लांबेल. जॅझ-पॉपमधे मेजर सेव्हनवर तीव्र मध्यम घालायची सवय असते, ऐकायला गोडच लागतं, पण समोरच्या कानांना तो यमनचा वास येतो आणि यमन संध्याकाळचा. सकाळी तो लावला तर कुणी उठून जाणार नाही, पण काहीतरी बसत नाहीये असं त्यांना वाटत राहतं. मग सकाळचं काय? अहिर भैरव बघा: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, शुद्ध ध, कोमल नी. आता पियानोवर पांढरी एकचा, म्हणजे सी चा, सा धरा. डाव्या हातात सी आणि बी फ्लॅट, उजव्या हातात साधा ए मेजर, म्हणजे ई, ए आणि सी शार्प. काय मिळालं? सा, कोमल नी, ग, ध, कोमल रे. जॅझवाले याला सी थर्टीन फ्लॅट नाइन म्हणतात आणि हा त्यांचा रोजच्या वापरातला कॉर्ड आहे. म्हणजे अहिर भैरवाचे पाच सूर जॅझच्या एका कॉर्डमधे आयतेच बसलेत, उरलेले म आणि प तुमचा गळा घेईल.

मग असं करा, गाणं सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं हाच एक कॉर्ड संथपणे वाजत राहू दे, खाली बास फक्त सा वर, तंबोरा हवा तर ठेवा, आणि तुम्ही वर आकारात चार स्वरवाक्यं घ्या. कोमल रेवर आंदोलन, म्हणजे सूर हलकेच झुलवणं, आलंच पाहिजे, आणि ते पियानोच्या पट्टीवर येत नाही, म्हणून तुम्ही रेवर असताना कीबोर्डवाल्याने त्याचा सी शार्प सोडून द्यायचा, दोघांनी एकाच वेळी धरला की तुमचं आंदोलन बेसूर वाटतं. हे रिहर्सलमधे नीट ठरवा. आता गंमत अशी की हा कॉर्ड मध्यमाकडे ओढतो, सी वरून एफ वर जाऊन बसायला बघतो. म्हणून गाण्याचा सा मध्यमावर ठेवा. आलापाचा सा पांढरी एक, गाण्याचा सा पांढरी चार. ज्या क्षणी बास वरच्या मध्यमावर जातो आणि ड्रमवर ब्रश (काठीऐवजी वापरायचा तारांचा झाडू) सुरू होतो त्या क्षणी सगळं मैदान सैल होतं, तो बदल लोकांना कॉर्ड न कळताही कळतो. मात्र याला अहिर भैरव गाते म्हणून जाहीर करू नका, राग गाण्याची जबाबदारी वेगळी आहे, आपण फक्त त्याचा रंग घेतोय.

पुढे गाण्यातही एक काळजी. आपले श्रोते षड्जावर स्थिर बसून ऐकतात, आणि जॅझमधे खालचा मूळ सूर दर दोन मात्रांनी सरकतो, तेव्हा पहिल्या कडव्यात बास शक्यतो एका सुरावर धरून ठेवा आणि वरचेच कॉर्ड बदला. दुसऱ्या कडव्यापासून बासला चालू द्या. पेटीवाले काका सोबत असतील तर त्यांना पूर्ण कॉर्ड देऊ नका, प्रत्येक कॉर्डमधला तिसरा आणि सातवा सूर एवढे दोनच सांगा, तेवढ्याने कॉर्डची ओळख होते आणि पेटी गढूळ होत नाही.

पट्टी आणि माणसं

सकाळी गळा खाली असतो, झोपेतून उठल्यावर स्वरतंतूंवर थोडी सूज असते, त्यामुळे संध्याकाळी जी पट्टी आरामात जाते ती पहाटे ओढावी लागते. अर्धा ते एक सूर खाली घ्या. संध्याकाळी पांढरी दोन (डी) असेल तर पहाटे काळी एक (सी शार्प). आता गिटारवाले काळ्या पट्ट्यांना नाकं मुरडतात, पण पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की सी च्या आकारात काळी एक वाजते आणि जी च्या आकारात काळी चार, झालं. आणि फुंकणाऱ्यांना तर या पट्ट्या सोयीच्याच पडतात, त्यांच्या वाद्यांत सुरांची नावं सरकलेली असतात, काळी एक म्हणजे ट्रंपेटवाल्याला त्याचा ई फ्लॅट आणि आल्टो सॅक्सवाल्याला बी फ्लॅट, काळी चार म्हणजे ट्रंपेटला बी फ्लॅट आणि आल्टोला एफ. आलाप काळी चारवर आणि गाणं काळी एकवर ठेवलंत तर वर सांगितलेलं मध्यमाचं गणितही जुळतं.

फुंकणारा मिळणार कुठे? लग्नाच्या बँडमधे. खरंच सांगते, आपल्या शहरातले बँडवाले ट्रंपेट नि क्लॅरिनेट इतकं सुरेख वाजवतात आणि लग्नांचे मुहूर्त देवउठनी ग्यारस म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरच निघतात, म्हणजे दिवाळीच्या दिवसांत त्यांना वेळ असतो. त्यांना नोटेशन वाचायला लावू नका, तुम्ही गाऊन दाखवा, ते एकदा ऐकून उचलतात. अडचण एकच, त्यांची सवय रस्त्यावर मोठ्याने वाजवायची, आणि आपल्याला हवा कुजबुजणारा ट्रंपेट. म्यूट (आवाज दाबणारं झाकण) मिळाला तर उत्तम, नाहीतर बाथरूमची नाली मोकळी करायचा तो रबरी पंप असतो ना, त्याचा नवा कोरा विकत आणा, दांडी काढा आणि ती वाटी ट्रंपेटच्या तोंडासमोर हाताने उघड-बंद करायला सांगा. जॅझवाले शंभर वर्षं हेच करत आलेत आणि तो आवाज अगदी माणूस बोलल्यासारखा येतो. भैय्यांना एकदा जमलं की ते इतके खुलतात की रिहर्सल संपवावीशी वाटत नाही त्यांना. त्यांचं मानधन मात्र आधी ठरवा आणि गायिकेइतक्याच सन्मानाने द्या, स्टेजवर नाव घेऊन ओळख करून द्या, लग्नाच्या वरातीत त्यांचं नाव कुणीच विचारत नाही.

बास. उभा मोठा बास आपल्याकडे सहसा मिळत नाही, बास गिटारच असते, आणि तिचा आवाज पहाटे फार धातूचा वाटतो. ब्रिजजवळ तारांच्या खाली स्पंजचा एक बोटभर तुकडा खोचा आणि बोटाऐवजी अंगठ्याच्या मऊ बाजूने वाजवायला सांगा, सूर पटकन विझतो आणि तो लाकडी ठोका येतो. ड्रम पूर्ण सेट नकोच, एक स्नेअर, हाय-हॅट आणि एक झांज, काठ्या घरी ठेवायच्या आणि ब्रश आणायचे. ब्रशचा सराव पुठ्ठ्याच्या खोक्यावर छान होतो, शेजारी तक्रार करत नाहीत.

तबला घ्यायचा का? घ्या, पण एका गाण्यात. तबल्याची पट्टी एकच असते, आणि उघड्यावर दव पडलं की पुडी (वरचं चामडं) सैल होऊन तो उतरतो, पाच गाणी पाच पट्ट्यांत असली तर त्या माणसाचा सगळा वेळ हातोडीतच जातो. त्याला स्विंग सांगायचा सोपा मार्ग असा की प्रत्येक मात्रेत तीन बोल बांधा आणि मधला गाळा, पहिला आणि तिसरा वाजवा. दादऱ्यातून आलेल्या हाताला हे लगेच बसतं. मग जोर दोन आणि चारवर द्यायला सांगा, हे मात्र अवघड जातं कारण हात समेकडे ओढतो, त्याला रोज दहा मिनिटं फक्त दोन आणि चारवर टाळी देऊन तुमच्यासोबत गायला लावा. ते बसलं की बाकी सगळं बसतं.

शब्द

मराठी शब्द स्विंगमधे बसत नाहीत असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. बसतात, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळलं की. माझी एक ओळ घेऊ, “उटण्याचा वास, गार पाणी”. भावगीतात आपण प्रत्येक अक्षर सुटं म्हणतो, उ-ट-ण्या-चा वा-स, आणि तिथे ते शोभतं. इथे बोलताना जसं म्हणतो तसंच म्हणा, ट अर्धा, वास मधला स हलका. ‘उट’ चौथ्या मात्रेच्या शेपटीवर टाका, ‘ण्या’ समेवर आणि तिथे थांबा, ‘चा’ दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात, ‘वास’ चौथीच्या जरा आधी. म्हणजे जे दीर्घ आहेत ते लांब पडतात आणि जे ऱ्हस्व आहेत ते आडोशाला जातात. उलटं केलंत, ‘उ’ समेवर ताणलात, तर ती ओळ मराठी वाटत नाही, कुणीतरी दुसऱ्या भाषेतल्या चालीवर शब्द कोंबल्यासारखी वाटते. लिहून झालं की ओळ घरातल्या कुणालातरी नुसती वाचायला सांगा आणि ती व्यक्ती कुठे रेंगाळते ते ऐका, चाल तिथेच रेंगाळली पाहिजे.

नवीन लिहित असाल तर मोठ्या अभंगाचा साचा वापरून बघा, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. तीन चरण सारखे आणि चौथा आखूड, त्या आखूड चरणानंतर आपोआप मोकळी जागा राहते आणि तिथे ट्रंपेटने उत्तर द्यायचं. गाणाऱ्याने विचारायचं आणि वाद्याने उत्तर द्यायचं ही जॅझची जुनी रीत, आणि कीर्तनात बुवा आणि टाळकरी काय वेगळं करतात?

विषयही पहाटेचा असू दे. प्रेमभंगाची, रात्री दोनची गाणी आपल्याकडे पुष्कळ असतात, ती दुसऱ्या कार्यक्रमाला ठेवा. पहाटेला घरी परत आलेली मुलं, रिकाम्या रस्त्यावर रांगोळी घालणारी बाई, सराफ्यातून, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, रात्र काढून येणारा भाऊ, असं काहीतरी. पाच गाण्यांत एक तरी असं हवं की त्याची धृवपदाची ओळ दुसऱ्यांदा आली की मागची काकू गुणगुणू लागेल, म्हणजे ती ओळ सहा-सात सुरांच्या आत आणि उड्या न मारणारी.

साउंडवाल्याशी बोलणं

आपल्याकडचे साउंडवाले भैय्या मेहनती असतात पण त्यांना बहुतेक वेळा लग्नाचं आणि डीजेचं काम असतं, म्हणून तुम्ही काय हवंय ते आधी फोनवर सांगा. मोठे बासचे डबे नकोत, दोन साधे बारा इंची टॉप स्पीकर स्टँडवर, कानाच्या उंचीच्या जरा वर. इको पूर्ण बंद. हे दोनदा सांगा, कारण गाणं म्हटलं की इको लावायचाच अशी सवय असते आणि हलक्या आवाजातल्या गाण्यात इकोने व्यंजनं पुसली जातात, शब्द गेले की आपलं सगळंच गेलं. थोडा छोटा रिव्हर्ब (खोलीत गायल्यासारखी हलकी घुमणूक) चालेल. तुमच्या माइकवर शंभर हर्ट्झच्या खालचं काढायला सांगा, कारण ओठ माइकला लागून गायलं की खालचे सूर आपोआप फुगतात. तो फुगवटा हलक्या ओळींसाठी वापरा आणि मोठा सूर लावताना वीतभर मागे या. माइक साधा डायनॅमिकच घ्या, शुअर एसएम ५८ सगळ्यांकडे असतो, नाजूक कंडेन्सर माइक घेतलात तर कोपऱ्यावरच्या पोरांचे फटाके तुमच्या गाण्यात येतील, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे फटाके असणारच. या माइकला बरोबर मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकू येतं म्हणून मॉनिटर (तुम्हाला तुमचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) तिथे, तुमच्या समोर, सरळ रेषेत ठेवा, बाजूला नको, शिट्टी वाजत नाही.

पहाटे

निदान दोन तास आधी उठा. गुणगुणणं, मग पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून त्यातून बुडबुडे काढत एकेक सूर वर-खाली, दहा मिनिटं, याने गळा फार छान उघडतो आणि घरातलं कुणी उठतही नाही. कोमट पाणी. चकली-चिवडा नंतर, तिखट-तेलकट आत्ता नाही. स्टेजवर समईजवळ उदबत्ती असते, तिचा धूर थेट तुमच्याकडे येत असेल तर आयोजकांना सांगून ती बाजूला करून घ्या, कुणी वाईट मानत नाही.

सूर जुळवणं बाहेर, त्याच गारव्यात करा, मेकअपच्या खोलीत नाही. गारव्यात गिटारच्या तारा आखडतात आणि चढतात, ट्रंपेट मात्र उतरतो, हवेच्या एका डिग्रीमागे साधारण तीन सेंट, म्हणजे दहा डिग्रीचा फरक पडला तर अर्ध्या सुराचा जवळपास तिसरा हिस्सा. म्हणून फुंकणाऱ्याने आपल्या वेळेच्या आधी पाच-सात मिनिटं वाद्यात नुसती उबदार हवा सोडत राहायची, आवाज न करता. कीबोर्ड आणि पेटी हलत नाहीत, सगळ्यांनी त्यांच्याशी जुळवायचं.

स्टेजवर

निवेदकांना आधीच चार ओळी लिहून द्या, तुमचं नाव, गाणी तुमची आहेत हे, आणि वादकांची नावं. “काहीतरी वेगळं, आजच्या पिढीचं” असली ओळख नको म्हणून प्रेमाने सांगा, ती ऐकली की निम्मे लोक चहाला उठतात. पहिलं गाणं न बोलता सुरू करा, त्या आलापाने. दुसऱ्या गाण्याआधी दोन वाक्यं बोला, गाणं कशावर सुचलं एवढंच, जॅझ म्हणजे काय हे समजवायला जाऊ नका. चौथं गाणं सगळ्यात चालतं, पाचवं पुन्हा शांत, कारण तुमच्यानंतर जे कुणी गाणार आहेत त्यांना मैदान निवलेलं मिळालं पाहिजे, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती मोठी चांगली आहे. वाद्याचा सोलो एका गाण्यात एकच, सोळा मात्रांपेक्षा मोठा नको, तो संपल्यावर टाळी पडली तर वादकाकडे हात करा. टाळी नाही पडली आणि नुसतं एक “वा” ऐकू आलं तर ते जास्त समजा.

शेवटच्या भैरवीला सगळ्या कलाकारांना वर बोलवतात. जा. तिथे ठेका, पट्टी, चाल सगळं ज्येष्ठ गायकाचं, आपण खाली सुरात सूर मिळवून गायचं, हार्मनी लावायची नाही, आणि तुमच्या कीबोर्डवाल्याला सांगून ठेवा की फक्त सा आणि प धरायचे, एकही कॉर्ड नको.

आणि रेकॉर्डिंग. मंडळाचा व्हिडिओ होतो पण त्यात आवाज फाटलेला असतो, म्हणून मिक्सरमधून एक वायर काढून छोट्या रेकॉर्डरमधे सरळ घ्या, शिवाय एक फोन पाचव्या-सहाव्या रांगेत कुणातरी मैत्रिणीच्या मांडीवर. दोन्ही एकत्र ऐकले की कळतं कुठले शब्द पोचले आणि कुठले नाही, आणि पुढच्या श्रावणात दुसऱ्या मंडळाला पाठवायला हेच कामी येतं.